भट्टीच्या पोटांतील उष्णता व कांचेचा तंतु



घरांतील दिवा लागतो तेव्हां त्याची वीज कोठून आली, असा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. बटणापासून निघालेली तार भिंतींत शिरते, भिंतींतून खांबावर जाते आणि खांबापलीकडे आपली जिज्ञासा थांबते. त्या तारेचा माग शेवटपर्यंत काढावयाचें ठरविलें, तर महाराष्ट्रांत पुष्कळदां आपण चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस किंवा परळी यांपैकीं एखाद्या ठिकाणीं जाऊन पोंचूं. तेथें एक प्रचंड भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते. त्या भट्टीच्या पोटांत नेमकी किती उष्णता आहे आणि ती कोणत्या जागीं किती आहे, हें कसें जाणावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न वरवर सोपा वाटतो. आजाऱ्याच्या काखेंत आपण उष्णतामापक नळी ठेवितों, तशीच एखादी दणकट नळी भट्टींत ठेवली म्हणजे झालें, असें कोणीही म्हणेल. परंतु ज्या जागीं माणसाचें पाऊल पडत नाहीं, जेथें पोलादही थकून जातें, तेथें मोजणारें साधन तरी किती दिवस जगावें? अशा जागेची वार्ता बाहेर आणण्यासाठीं केंसाएवढ्या बारीक कांचेच्या तंतूचा उपयोग करूं पाहणारें एक शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत वाढीस लागलें आहे. त्याची ओळख करून घेण्यापूर्वीं ती भट्टी कशी असते, तें आपण पाहूं. पुढें जे अंश मी सांगेन ते सर्व सेल्सियस मापाचे आहेत, एवढें ध्यानांत ठेवावें.

विजेच्या कारखान्यांतील ज्या यंत्रांत पाण्याची वाफ होते त्याला बॉयलर म्हणतात. ५०० मेगावॅट क्षमतेच्या एका संचाचा बॉयलर वीस-पंचवीस मजली इमारतीएवढा उंच असतो. नवल असें कीं, तो पायावर उभा नसतो. भोंवतालच्या पोलादी सांगाड्याला तो वरून टांगलेला असतो. कारण तापल्यावर त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला खालीं मोकळी जागा लागते. त्याच्या भिंती विटांच्या नसतात. उभ्या नळ्या एकमेकींस जोडून त्या केलेल्या असतात, व त्या नळ्यांतून पाणी खेळत असतें. या चौकोनी पोकळींत पिठासारखा दळलेला कोळसा वाऱ्याच्या झोतानें फुंकला जातो. संच पूर्ण जोरांत चालू असतां ताशीं ३०० टनांहून अधिक कोळसा लागतो. ज्वाळेच्या गाभ्यांतील उष्णतामान १४०० अंशांच्याही वर जातें.

भिंतींतील पाण्याची वाफ झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. ती वाफ पुन्हा भट्टीच्या माथ्याकडे नेतात. तेथें नळ्यांचे जुडगे धुराच्या मार्गांत लोंबत असतात. त्यांस सुपरहीटर म्हणतात. बाहेरून भट्टींतील तप्त वायु व आंतून वाफ, अशा स्थितींत ती वाफ जुन्या संचांत सुमारें ५४० अंशांपर्यंत आणि अगदीं नव्या संचांत ६०० अंशांच्या आसपास तापविली जाते. वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या दीडशें पटींहून अधिक असतो. हा सर्व दाब कांहीं मिलिमीटर जाडीच्या नळीनें सोसावयाचा असतो, आणि तोही वर्षानुवर्षें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. पोलाद वितळतें तें फार पुढें. त्याच्या कितीतरी अगोदर तें थकतें. उष्णता व ताण हीं दोन्ही एकाच वेळीं दीर्घकाळ सोसावीं लागलीं म्हणजे पोलाद अत्यंत मंद गतीनें ताणलें जाऊं लागतें. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. परंतु नळी कणाकणानें फुगत जाते आणि एके दिवशीं फुटते. या मंद ताणण्याला यंत्रशास्त्रांत 'क्रीप' असें नांव आहे. उष्णतामान व आयुष्य यांचा संबंध जोडणारें एक सूत्र अमेरिकेंतील लार्सन व मिलर या दोघांनीं १९५२ सालीं मांडलें, आणि तें अद्यापि सर्वत्र वापरण्यांत येतें.

त्या सूत्रानें एक हिशेब करून पाहूं. समजा, एखादी नळी ५८० अंशांवर १,००,००० तास टिकेल अशी आहे. म्हणजे तिचें आयुष्य अकरा वर्षांहून थोडें अधिक झालें. आतां दाब तोच ठेवून तीच नळी ५९० अंशांवर राहिली, तर सूत्रांतील नेहमीचा स्थिरांक २० धरला असतां तिचें आयुष्य सुमारें ५१,००० तासांवर येतें. आणि ६०० अंशांवर तर तें २७,००० तास, म्हणजे तीन वर्षें, एवढेंच उरतें. दहा अंश वाढले कीं आयुष्य जवळजवळ निम्में झालें! स्वयंपाकघरांत दहा अंशांचा फरक कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. येथें तो फरक न कळणें म्हणजे पांच वर्षांनीं येणारें संकट आज न दिसणें होय.

आणि हा फरक आपोआप वाढत जाणारा आहे. नळीच्या आंतील अंगास वाफेमुळें ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा उष्णता नीट आंत जाऊं देत नाहीं. त्यामुळें धातु अधिक तापतो. धातु अधिक तापला कीं पापुद्रा अधिक वेगानें वाढतो. कधीं त्याचे तुकडे निखळून नळीच्या वांकणांत सांचतात व वाफेची वाट अडते. मग ती एकच नळी शेजारच्या नळ्यांहून पुष्कळ अधिक तापते. अशी नळी फुटली म्हणजे तिच्यांतून सुटणारा वाफेचा फवारा शेजारच्या नळ्याही कापून काढतो. संच बंद करावा लागतो, भट्टी निवेपर्यंत थांबावें लागतें, पहाड बांधून माणसें आंत उतरवावीं लागतात, आणि डागडुजी होऊन पुन्हा जाळ पेटेपर्यंत दोन-चार दिवस सहज जातात. औष्णिक संच अवचित बंद पडण्याच्या कारणांत नळ्या फुटणें हें प्रमुख कारण आहे.

दुसरें संकट राखेचें. आपल्या देशांतील कोळशांत राखेचें प्रमाण फार. शंभर भागांत तीस-चाळीस भाग राखच निघते. राख मऊ होण्याचें उष्णतामान कोळशाच्या जातीप्रमाणें सामान्यतः ११०० ते १४०० अंशांच्या दरम्यान असतें. भट्टींतून वर जाणारे वायु या मर्यादेच्या खालीं असले तर राख कोरडी राहते व धुराबरोबर निघून जाते. ते मर्यादेच्या वर गेले तर राख चिकट होते, नळ्यांना लगडते, आणि वीटभट्टींत जसे खंगर तयार होतात तसे तिचे दगडासारखे गोळे होतात. कारखान्यांतील लोक त्यांस क्लिंकर म्हणतात. असे गोळे खालीं पडून तळचें तोंड बुजवूं शकतात. तें मोकळें करण्यासाठीं माणसांना लांब सळया घेऊन भट्टीजवळ जावें लागतें.

हें काम किती भयंकर ठरूं शकतें, याचें उदाहरण आपल्या देशानें पाहिलें आहे. उत्तर प्रदेशांतील रायबरेली जिल्ह्यांत उंचाहार येथें १ नोव्हेंबर २०१७ रोजीं ५०० मेगावॅटच्या एका नव्या संचाच्या तळाशीं राखेचा मोठा ढीग सांचला होता, व तो काढण्याचा प्रयत्न चालू होता. त्या वेळीं तप्त वायु व राख एकाएकीं बाहेर फुटली आणि चाळीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. अमुक एक उपकरण असतें तर हा प्रसंग टळला असता, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं; अशा अपघातांचीं कारणें एकेरी नसतात. परंतु भट्टीच्या आंत काय चाललें आहे हें जितकें अंधुक, तितकें बाहेरील माणसाचें आयुष्य दैवाच्या हवालीं, एवढें तर त्यावरून निश्चित दिसतें.

बॉयलरचें भय नवें नाहीं. १८६३ सालीं कलकत्त्यांत बॉयलरचा मोठा स्फोट होऊन मनुष्यहानि झाली, आणि त्यानंतर या देशांत बॉयलरच्या तपासणीचा पहिला कायदा झाला. पुढें १९२३ सालीं सर्व देशासाठीं एक कायदा आला व २०२५ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा करण्यांत आला. तथापि कायदा बॉयलर थंड असतांना त्याच्या अंगावरील खुणा तपासूं शकतो. जाळ पेटलेला असतां त्या क्षणीं आंत काय घडत आहे, तें सांगण्याचें काम मापनशास्त्राचें आहे.

हें शास्त्र मनुष्यानें प्रथम डोळ्यांनींच शिकून घेतलें. ऐरणीवरील लोखंड गुंजेसारखें लाल आहे, केशरी आहे, कीं पांढरें झालें आहे, यावरून लोहार घाव घालण्याची वेळ ठरवितो. गुऱ्हाळांतील गुळव्या काहिलींतील रसाचा रंग व बुडबुडे पाहून पाक झाला कीं नाहीं हें सांगतो, आणि त्याचा शब्द सहसा चुकत नाहीं. परंतु ही विद्या ज्याची त्याच्याजवळ राहते. ती आंकड्यांत उतरत नाहीं. इंग्लंडांतील प्रसिद्ध कुंभार जोसाया वेजवुड यानें १७८२ सालीं मातीचे लहान तुकडे भट्टींत ठेवून ते किती आंखडले यावरून उष्णता मोजण्याची युक्ति काढली. १८२१ सालीं सीबेक या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, दोन निरनिराळ्या धातूंचे सांधे कमीअधिक तापविले असतां त्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्यांतूनच पुढें थर्मोकपल नांवाचें साधन निघालें, आणि आजही जगांतील बहुतेक बॉयलरांत तेंच राबत आहे.

थर्मोकपल स्वस्त आहे, सोपें आहे व विश्वासूही आहे. मग अडचण कोठें येते? अडचण जागेची आहे. ज्या नळ्या धुराच्या मार्गांत लोंबत असतात, त्यांच्या तप्त अंगावर बसविलेली धातूची तार राखेचा मारा व तप्त वायूंचा दाह फार काळ सोशीत नाहीं. म्हणून बॉयलरच्या माथ्यावर, जेथें या नळ्या जाळांतून बाहेर पडून छताच्या वरच्या बंदिस्त जागेंत येतात, तेथें तीं जोडण्याची रीत पडली आहे. तेथें नळीचें उष्णतामान आंतील वाफेएवढें असतें. खालीं जाळांत तिच्या धातूला किती चटका बसत आहे, तें अनुमानानें ठरवावें लागतें. शिवाय शेंकडों नळ्यांपैकीं थोड्यांवरच अशीं जोडकामें करतां येतात, कारण प्रत्येक ठिकाणासाठीं दोन तारा वेगळ्या ओढाव्या लागतात. भट्टींतील वायूंचें उष्णतामान ज्वाळेच्या प्रकाशावरून किंवा ध्वनीच्या वेगावरूनही काढतात. उष्ण वायूंत ध्वनि अधिक वेगानें धांवतो, हें त्यामागील तत्त्व. परंतु ध्वनीच्या रीतीनें एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतची सरासरीच हातीं येते. सरासरीला कधीं क्लिंकर धरत नाहीं आणि सरासरी नळी कधीं फुटत नाहीं. जी एक नळी सर्वांत अधिक तापली असेल तीच फुटते.

येथें आपल्या कांचतंतूचा प्रवेश होतो. कांचेंत शिरलेला प्रकाश तिच्या कडेशीं फार तिरपा आदळला तर बाहेर न पडतां पुन्हा आंतच परततो. पाण्याच्या वांकड्या धारेंतून प्रकाश असाच वाहत जातो, हें जिनीव्हाच्या कोलाडोन यांनीं १८४२ सालीं प्रसिद्ध केलें. १९५४ सालीं लंडन येथें हॉपकिन्स व पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेऊन दाखविलें. १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, कांच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यांतून संदेश मैलोगणती नेतां येतील. त्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज आपले बहुतेक दूरचे संदेश अशाच तंतूंतून जातात. या तंतूची जाडी एका मिलिमीटरचा आठवा भाग, एवढी असते.

परंतु संदेश वाहून नेणारा तंतु उष्णता कशी सांगणार? याचें उत्तर आपल्याच देशांतील एका शोधांत आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास जो परिणाम नोंदविला व ज्याबद्दल त्यांस १९३० सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें, त्याचें तात्पर्य असें आहे. पदार्थांतील अणुरेणु सदैव कंप पावत असतात. त्यांवर प्रकाश पडला असतां त्याचा एक अत्यल्प अंश रंग बदलून विखुरतो. प्रकाशानें रेणूला शक्ति दिली तर तो थोडा तांबडेपणाकडे झुकतो. उलट रेणूनें आपली शक्ति प्रकाशाला दिली तर तो निळेपणाकडे झुकतो. आतां हें उघड आहे कीं, पदार्थ जितका तप्त, तितके त्याचे रेणु अधिक क्षुब्ध, आणि तितका हा दुसऱ्या प्रकारचा प्रकाश अधिक. या दोन प्रकाशांचें प्रमाण काढलें कीं, तेथील उष्णतामान कळतें.

या तत्त्वाचा उपयोग कांचतंतूंत पुढीलप्रमाणें करितात. तंतूच्या एका टोंकांतून लेसरचा अतिशय आंखूड झोत सोडावयाचा. झोत पुढें जात असतां प्रत्येक ठिकाणाहून थोडा प्रकाश विखुरून मागें येतो. कांचेंत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटर असल्यामुळें एक मीटर जाऊन परत येण्यास त्यास सेकंदाचा दहा कोटींवा भाग लागतो. एवढा काळही आजचीं यंत्रें मोजूं शकतात. म्हणजे प्रकाश परत येण्यास किती वेळ लागला यावरून स्थान कळलें, आणि तो कोणत्या रंगाचा आला यावरून त्या स्थानाचें उष्णतामान कळलें. अशा रीतीनें एक सबंध तंतु म्हणजे हजारों उष्णतामापकांची एक माळच झाली, व तिच्यासाठीं तार मात्र एकच! १९८५ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं ही रीत प्रयोगानें सिद्ध करून दाखविली, आणि आज कित्येक किलोमीटर लांबीच्या तंतूंवर मीटरमीटरचें उष्णतामान वाचतां येतें.

दुसरीही एक रीत आहे. तंतूच्या गाभ्यांत ठराविक अंतरानें सूक्ष्म रेघांची जाळी उठवितात. ही जाळी एकाच विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश परतवून लावते. तापल्यानें ही तरंगलांबी बदलते. नेहमींच्या १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशांत दर अंशामागें हा बदल सुमारें ०.०१ नॅनोमीटर असतो. एकाच तंतूंत अशा अनेक जाळ्या ओळीनें ठेवितां येतात, आणि प्रत्येकीची तरंगलांबी वेगळी असल्यामुळें कोण बोलत आहे याचा घोटाळा होत नाहीं. कॅनडांतील केनेथ हिल व त्यांचे सहकारी यांना १९७८ सालीं अशा जाळीचा प्रथम शोध लागला. या दोन्ही रीतींत भट्टीपाशीं वीज मुळींच न्यावी लागत नाहीं; त्यामुळें कारखान्यांतील मोठमोठ्या विद्युत्यंत्रांच्या सान्निध्यानें आंकडे बिघडत नाहींत, हा त्यांचा विशेष गुण होय.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं, आतां तंतु भट्टींत सोडावा आणि स्वस्थ बसावें. शास्त्राची खरी कसोटी येथूनच सुरू होते. कांच स्वतः बरीच उष्णता सोसते, परंतु तिच्यावरील संरक्षक लेप सोशीत नाहीं, आणि लेप गेला कीं तंतु काडीसारखा मोडतो. साधा प्लास्टिकचा लेप सुमारें ८५ अंशांपर्यंत टिकतो, पॉलिइमाइड नांवाचा लेप सुमारें ३०० अंशांपर्यंत, आणि सोन्याचा पातळ लेप दिला तर ७०० अंशांच्या आसपास जातां येतें. नेहमींच्या जाळ्या तर कांहीं शें अंशांतच पुसल्या जातात. त्या विशेष प्रक्रियेनें पुन्हा घडविल्या तर १००० अंशांच्या घरांत टिकतात. त्यापुढें कांचेचें कांचपणच जाऊं लागतें. ती स्फटिकरूप होऊन ठिसूळ व धुरकट बनते. शिवाय तप्त जागीं हायड्रोजन वायु कांचेंत मुरला तर तंतूंतील प्रकाश मंदावतो, आणि यंत्राला त्या मंदपणाचा भलताच अर्थ लावण्याचा मोह होतो.

मग १००० अंशांच्या पुढें काय करावें? तेथें नीलम कामास येतो. माणिक, नीलम व सहाणेसाठीं वापरतात तो कुरुंद, हीं सर्व एकाच पदार्थाचीं रूपें आहेत, आणि तो पदार्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड. तो सुमारें २०५० अंशांवर वितळतो. त्याच्या शुद्ध व पाण्यासारख्या निर्मळ स्फटिकाचा तंतु ओढतां येतो. अमेरिकेंत १९८३ सालीं डिल्स यांनीं अशा तंतूच्या टोंकास धातूचा पातळ थर देऊन एक उष्णतामापक केला. टोंक तापलें कीं तें लोहाराच्या लोखंडाप्रमाणें स्वयंप्रकाशी होतें, तो प्रकाश तंतूंतून बाहेर येतो, आणि प्लांक यांनीं १९०० सालीं दिलेल्या नियमानुसार त्यावरून उष्णतामान काढतां येतें. लोहाराच्या डोळ्याचीच ही विद्या. फक्त ती आतां आंकड्यांत उतरली. अमेरिकेंतीलच व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांत कोळशापासून वायु करणाऱ्या भट्ट्यांसाठीं नीलमतंतूचीं मापकें तयार करण्याचें काम पुष्कळ वर्षें झालें आहे.

तथापि नीलमतंतूचे दोषही सांगितले पाहिजेत. तो महाग आहे. त्याची उपयुक्त लांबी फार नसते. साध्या कांचतंतूच्या गाभ्याभोंवतीं जसें दुसऱ्या कांचेचें आवरण असतें तसें त्यास नसल्यामुळें प्रकाश गळतो, आणि अंगावर राख बसली तर अधिकच गळतो. राखेंतील क्षारांपासून त्याचें रक्षण करण्यासाठीं त्यास म्यानांत ठेवावें लागतें. म्यान जाड केलें तर वार्ता उशिरा येते, पातळ केलें तर म्यानच जळतें. म्हणून भट्टीच्या गाभ्यांत नीलमतंतु कायमचा बसवून निश्चिंत होणें, ही गोष्ट अजून प्रयोगाच्या कक्षेंतच आहे.

परंतु सर्वांत कठीण जागा साधत नाहीं म्हणून सोपी जागा सोडण्याचें कारण नाहीं. माथ्यावरील बंदिस्त जागेंत, जेथें उष्णतामान ६०० अंशांच्या आसपास असतें, तेथें सोन्याचा लेप दिलेला तंतु बारीक पोलादी नळींत घालून नळ्यांच्या ओळीवरून फिरवितां येण्याजोगा आहे. आज जेथें शंभर नळ्यांतील दहा नळ्या बोलतात, तेथें शंभरही बोलूं लागतील. कोळसा वाहून नेणारे पट्टे, कोळशाच्या कोठ्या व तारांचे बोगदे, यांच्या रक्षणासाठीं तर कांचतंतूची रीत जगांत चांगली रुळली आहे. कोळसा सांचून आंतल्या आंत तापत असेल, तर धूर दिसण्यापूर्वींच ती जागा तो दाखवितो.

आणि ही निकड आतां वाढली आहे. पूर्वीं कोळशाचे संच एकदां पेटले म्हणजे महिनोन्महिने एका चालीनें चालत. आतां दुपारीं सूर्य माथ्यावर असतां सौरविजेचा पूर येतो, तेव्हां कोळशाचा संच मंद करावा लागतो. सायंकाळीं दिवे लागण्याच्या सुमारास तो पुन्हा जोरांत आणावा लागतो. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनीं या संचांना पूर्ण क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याची तयारी ठेवावयास सांगितलें आहे. संच मंद असतां नळ्यांतून वाफ थोडी वाहते, व ती सर्व नळ्यांत सारखी वांटली जात नाहीं. एखादी नळी उपाशी राहते व तापते. दररोजच्या या चढउतारानें धातूला रोज पीळ पडतो. जे बॉयलर एका चालीसाठीं बांधले, त्यांस आपण आतां नव्या चालीनें नाचवीत आहों. ही चाल सोडतां येणार नाहीं, कारण स्वच्छ विजेची तीच किंमत आहे. परंतु कोणत्या नळीचा पाय घसरत आहे, हें पाहिल्यावांचून ती चालणें धोक्याचें आहे.

शेवटीं एक मुद्दा मांडतों. तो यंत्राचा नाहीं, यंत्र वाचणाऱ्या माणसांचा आहे. तंतु आपलें काम चोख करील. बाविसाव्या नळीचें उष्णतामान गेले चार दिवस पंधरा अंशांनीं चढलें आहे, असा आंकडा तो नियंत्रणकक्षांतील पडद्यावर आणून ठेवील. त्या वेळीं बाहेर उन्हाळा असेल, विजेची मागणी शिखरावर असेल, आणि संच मंद केला तर कोठेंतरी अंधार होईल. पंधरा अंश म्हणजे काय मोठेंसें, असें म्हणण्याचा मोह तेव्हां प्रत्येकास होईल. मघांचा हिशेब मीं आपल्याला मुद्दाम सांगितला तो याचसाठीं. त्या कक्षांत रात्रपाळीला बसलेल्या अभियंत्यास आंकडा दिसणें पुरेसें नाहीं. त्या आंकड्यावरून जाळ कमी करण्याचा अधिकार त्यास असला पाहिजे, आणि तसें केल्याबद्दल दुसऱ्या दिवशीं त्याची झडती होतां कामा नये. नाहींपेक्षां भट्टीच्या तोंडाशीं सळई घेऊन उभ्या असलेल्या मजुराच्या दृष्टीनें, आंत सोन्याचा तंतु आहे कीं कांहींच नाहीं, हें सारखेंच.

विजेचा कारखाना उभारतांना आपण किती मेगावॅट मिळतील हें विचारतों. त्याबरोबरच त्याच्या भट्टीच्या आंतील स्थिति किती ठिकाणीं पाहण्याची सोय केली आहे, आणि तें पाहणाऱ्याच्या शब्दाला मान कितपत आहे, हेंही विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.